पाणी कोणाला धरते, कोणाला सोडते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. म्हणून आजचा विषय मुद्दाम शाळेतलाच निवडला आहे: आम्ल, आम्लारी आणि विद्राव्यता.

नववीतल्या कोणत्याही मुलाला विचारा. आम्ल आंबट, निळा लिटमस तांबडा करते. आम्लारी कडवट, हाताला बुळबुळीत, तांबडा लिटमस निळा करते. दोन्ही एकत्र आली की क्षार आणि पाणी. घडाघडा उत्तर येते. तेच मूल बारावीत गेले की विद्राव्यता गुणाकाराची गणिते सोडवते. कोणता क्षार विरघळतो, कोणता नाही, याची यादी त्याला तोंडपाठ असते. सगळे नायट्रेट विरघळतात, बहुतेक कार्बोनेट विरघळत नाहीत. मार्कही मिळतात. पण कार्बोनेट जर विरघळत नाही, तर स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की तिथली चकाकी कशी जाते? शहाबादी म्हणजे चुनखडक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. हा प्रश्न त्या मुलाला पडत नाही, आणि पडलाच तर उत्तर नववीच्या धड्यात शोधायचे की बारावीच्या, हे त्याला कळत नाही.

आज सांगायचे आहे ते एवढेच, की हे दोन धडे नाहीतच. हायड्रोजन आयन कोण देतो आणि कोण घेतो, यावरच पाणी कोणाला धरून ठेवणार आणि कोणाला तळाशी सोडणार हे पुष्कळदा ठरते. हे एकदा मुलांच्या लक्षात आले की निम्मे पाठांतर गळून पडते.

आधी आम्लाकडे पाहू.

१८८४ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात स्वांते अऱ्हेनियस नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने प्रबंध सादर केला. त्याचे म्हणणे असे, की मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे विद्युतभारित कण होतात, आणि विजेचा प्रवाह सोडण्याआधीच ते सुटे झालेले असतात. परीक्षकांना हे पटले नाही. सोडियम म्हटले की पाण्यात पेट घेणारा धातू, क्लोरीन म्हटले की विषारी वायू. हे दोघे सुटे होऊन पाण्यात शांत राहतील कसे? प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. १९०३ साली त्याच विचाराला नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षकांची शंका मूर्खपणाची नव्हती, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. आजही वर्गात एखादी मुलगी हीच शंका विचारते आणि तिला गप्प बसवले जाते. अणू आणि आयन यांत फरक काय, याची सुरुवात नेमकी त्या शंकेपासून होते.

अऱ्हेनियसने आम्लाची व्याख्या सोपी केली: पाण्यात हायड्रोजन आयन सोडते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन सोडते ती आम्लारी. मग अमोनियाचे काय करायचे? त्याच्यात हायड्रॉक्साइड नाहीच, तरी त्याचे द्रावण तांबडा लिटमस निळा करते. १९२३ साली डेन्मार्कमध्ये ब्रॉनस्टेड आणि इंग्लंडमध्ये लॉरी या दोघांनी स्वतंत्रपणे हा पेच सोडवला. हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल, घेणारी ती आम्लारी. अमोनिया पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो, आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. ‘घेणारा’ ही कल्पना मनात पक्की ठेवा. पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

इथे मुले एका ठिकाणी हमखास अडखळतात. तीव्र आम्ल आणि संहत आम्ल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, दुसरीत व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल, दोन्हींची संहती सारखीच, ०.१ मोलर. पहिल्या बाटलीत जवळपास प्रत्येक रेणूने आपला हायड्रोजन आयन सोडलेला असतो. दुसरीत शंभरातल्या सुमारे एकानेच. म्हणून पहिलीचा सामू १, दुसरीचा साधारण २.९. आता दोन्हींमध्ये कॉस्टिक सोडा घालत जा. उदासिनीकरणाला कोणत्या बाटलीला जास्त सोडा लागेल? वर्गात बहुतेक हात पहिल्या बाटलीसाठी वर जातात. उत्तर असे, की दोन्हींना अगदी सारखाच लागतो. ॲसेटिक आम्ल हायड्रोजन आयन सोडायला नाखूश असते, पण मागणारा समोर आला की शेवटचासुद्धा देते.

आणि उदासिनीकरण झाले की सामू ७ होतो का? हायड्रोक्लोरिकच्या बाबतीत होतो. ॲसेटिकच्या बाबतीत मात्र तो ९ च्या जवळ जातो, कारण मागे उरलेला ॲसेटेट आयन स्वतःच घेणारा आहे. तो पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन ओढतो. प्रयोगशाळेत या अनुमापनाला फिनॉल्फ्थॅलीन वापरा असे सांगतात ते म्हणूनच. मुले ते नियम म्हणून पाठ करतात. कारण सांगितले तर पाठ करावे लागत नाही.

सामूची मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. ती उलटी आणि दहाच्या पटीने चालते: हायड्रोजन आयन दहापट वाढले की सामू एकाने उतरतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा सामू सरासरी ८.२ वरून ८.१ वर आला. हे ऐकून कोणाला काही वाटत नाही. पण या ०.१ चा अर्थ हायड्रोजन आयन पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढले असा आहे, आणि ते वाढीव आयन घेतो कोण? समुद्रातला कार्बोनेट. ज्या कार्बोनेटपासून शिंपले आणि प्रवाळ आपले घर बांधतात, तोच.

इथून आपोआप दुसऱ्या मुद्द्यावर आलो: विद्राव्यता.

‘अविद्राव्य’ म्हणजे अजिबात न विरघळणारे, असे मुलांनी धरलेले असते. तसे काहीच नसते. वीस अंश तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते, २०० ग्रॅम साखर विरघळते. खायचा चुना सुमारे ०.१७ ग्रॅम. चुनखडी मात्र एका अख्ख्या लिटरमध्ये फक्त १४ मिलिग्रॅमच्या आसपास. हे शून्य नाही. आणि संपृक्त द्रावणात तळाशी बसलेला साका निपचित पडलेला नसतो. सकाळी दादरला लोकलमधून जेवढे उतरतात तेवढेच चढतात आणि डबा भरलेलाच दिसतो, तसे तिथे चाललेले असते. विरघळलेल्यातला एखादा आयन कोणी उचलून नेला, की साक्यातून दुसरा पाण्यात येतो. उचलणारा थांबला नाही तर साका संपेपर्यंत हे चालते.

तापवले की जास्त विरघळते, हीदेखील अर्धवट गोष्ट. साखरेचे खरे आहे. मिठाचे जवळजवळ नाही: उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमच. चुन्याचे तर उलटे आहे, पाणी तापवले की चुना कमी विरघळतो. उरण-पेणच्या मिठागरांत आगरी माणसाने पिढ्यानपिढ्या निरनिराळ्या क्षारांच्या विद्राव्यतेतला भेद वापरला आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे मिळून सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊन त्यातले पाणी उडवत जाते. आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या साधारण दहाव्या भागावर आले की मीठ फुटू लागते. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ते कडवट पाणी वेळीच काढून टाकले नाही तर मीठ कडू लागते. कोण आधी बसणार आणि कोण शेवटपर्यंत पाण्यात राहणार, हा क्रम मिठागरात डोळ्यांनी दिसतो.

आता दोन्ही मुद्दे एकत्र आणू. त्यासाठी शाळेतला सर्वांत स्वस्त प्रयोग पुरेसा आहे.

परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्या. पाण्यासारखी स्वच्छ, सामू बाराच्या वर. नळीने तीत फुंकत राहा. निवळी दुधाळ होते. ‘कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याची निवळी दुधाळ होते’ असे वहीत लिहिले जाते आणि नळ्या धुवायला जातात. प्रयोग तिथे अर्धवटच सोडला जातो! फुंकणे थांबवू नका. अजून थोडा वेळ धीर धरा. दुधाळपणा हळूहळू कमी होतो, आणि नळी पुन्हा स्वच्छ होते. ज्या वायूने साका पाडला, त्याच वायूने तो पुन्हा विरघळवला. आता तीच नळी दिव्यावर धरा. बुडबुडे येतात आणि पाणी पुन्हा गढूळ होते.

काय झाले? श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जाऊन कार्बोनिक आम्ल झाला. सुरुवातीला निवळीत घेणारे हायड्रॉक्साइड भरपूर होते. त्यांनी त्या आम्लाचे दोन्ही हायड्रोजन आयन काढून घेतले. उरला कार्बोनेट. तो कॅल्शियमला भेटला आणि खाली बसला. पुढे हायड्रॉक्साइड संपले, आम्ल मात्र येतच राहिले. मग कार्बोनेटनेच एकेक हायड्रोजन आयन घेतला आणि तो बायकार्बोनेट झाला. कॅल्शियमचे बायकार्बोनेट पाण्यात राहते. तापवल्यावर वायू उडाला, आम्ल गेले, कार्बोनेट परत आला, साका परत आला. नववीचा धडा आणि बारावीचा धडा एका नळीत, पाच-दहा मिनिटांत.

गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर तो हाच. विहिरीचे वा बोअरचे पाणी चुनखडकातून, मुरमातून येताना कार्बोनिक आम्लाने कॅल्शियम सोबत आणते, आणि गीझर ते तापवतो. थर काढायला व्हिनेगर चालते, कारण ते कार्बोनेटला पुन्हा हायड्रोजन आयन देते. शहाबादीवरच्या लिंबाचे उत्तरही इथेच मिळाले.

मग प्रश्न असा, की आम्ल घातले म्हणजे प्रत्येकच साका विरघळेल का? नाही. आणि हा ‘नाही’ किती महत्त्वाचा आहे ते रुग्णालयात कळते. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला बेरियम मील पाजतात. बेरियमचा आयन विषारी आहे. तो रक्तात गेला तर स्नायू आणि हृदय बंद पाडू शकतो. तरीही डॉक्टर निर्धास्तपणे पेलाभर बेरियम सल्फेट देतात. ते एका लिटर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते. पण पोटात पाणी नाही, हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. तिथे काय होते? काहीच होत नाही. सल्फ्युरिक आम्ल तीव्र आहे, म्हणून त्याच्यापासून उरलेला सल्फेट आयन हायड्रोजन आयन घ्यायला फारसा राजीच नसतो. घेणारा नसेल तर साक्यातून आयन उचलला जात नाही.

बेरियम कार्बोनेटचे मात्र तसे नाही. कार्बोनेट हावरेपणाने हायड्रोजन आयन घेतो, जठरातल्या आम्लात ते पूर्ण विरघळते, आणि बेरियम मोकळा होतो. उंदीर मारायला ते वापरले जात असे. २००३ साली ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठीच्या बेरियम सल्फेटमध्ये बेरियम कार्बोनेट मिसळलेले निघाले आणि वीसहून अधिक माणसे मेली. दोन्ही पावडरी पांढऱ्या, दोन्ही ‘अविद्राव्य’च्या यादीतल्या. ही यादी पाठ करणाऱ्या मुलाला या दोहोंतला फरक कळेल का? कोण कोणत्या आम्लाचा मुलगा आहे, हे ज्याला कळते त्याला मात्र तो एका वाक्यात सांगता येतो.

आता आपल्या मातीकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर बहुतेकांनी पाहिले असेल. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता. पण त्याहून मोठे नवल रोजचे आहे: त्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. आणि त्यात येणारे पाणी? पाऊस, आणि काठाच्या उतारावरचे गोडे झरे. पावसाचा सामू कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या जवळ, म्हणजे किंचित आम्लधर्मी. आम्लधर्मी पाणी आत येते आणि त्याची आम्लारी होते. ही किमया करतो कोण?

काळा दगड, ऊन आणि विद्राव्यता. कार्बोनिक आम्ल बेसॉल्टला हळूहळू खाते. दगडातले घटक त्याचे हायड्रोजन आयन घेतात, आणि सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटसोबत पाण्यात येतात. उल्कापाताने झालेल्या त्या वाडग्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जाते. आटता आटता सर्वांत आधी तळाला बसते कॅल्शियम कार्बोनेट, कारण ते सर्वांत कमी विरघळते. सोडियम कार्बोनेट त्याच्या पंधरा हजारपट विरघळते, ते पाण्यातच राहते. वर्षानुवर्षे कॅल्शियम खाली, सोडियम वर. आणि सोडियमसोबत राहिलेला कार्बोनेट पाण्याकडून हायड्रोजन आयन घेत राहतो, हायड्रॉक्साइड मागे ठेवत राहतो. पावसाच्या तुलनेत हायड्रोजन आयन पंचवीस हजारपट कमी! आईन-ए-अकबरीतही या परिसरात काच आणि साबणाला लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. ते पदार्थ म्हणजे हाच सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट.

लोणार हे एक सरोवर. पण सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या कालव्याखालच्या शेतांत जमीन क्षारपड होते तेव्हा काही ठिकाणी याच गोष्टीची छोटी आवृत्ती घडते. पाणी भरपूर, निचरा नाही, वर कडक ऊन. काही जमिनी खारवट होतात. काही त्यापुढे जाऊन चोपण होतात. चोपण जमिनीचा सामू साडेआठच्या वर, मातीच्या कणांवर कॅल्शियमऐवजी सोडियम चिकटलेला. माती ओली झाली की चिकट लोणी, वाळली की दगड. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही.

अशा आणि चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. कारण लोहाची कमतरता. पण काळ्या मातीत लोह कमी आहे का? मुळीच नाही, ती बेसॉल्टपासूनच झाली आहे, लोहाने भरलेली आहे. लोह आहे, विरघळलेले नाही. फेरिक हायड्रॉक्साइडमधले हायड्रॉक्साइड घ्यायला हायड्रोजन आयन हवेत, आणि प्रत्येक अणूमागे तीन. म्हणून सामू एकाने वाढला की पाण्यातला मुक्त फेरिक आयन दहापट नाही, हजारपट कमी होतो. सामू ६ आणि सामू ८ यांत किती फरक पडला? दहा लाखपट.

भुईमूग हे जाणतो, असे म्हणायला हरकत नाही. त्याची मुळे लोह कमी पडले की स्वतःच हायड्रोजन आयन बाहेर सोडतात आणि मुळाभोवतीचे लोह विरघळवायला पाहतात. चुनखडीच्या जमिनीत ते आयन लोहापर्यंत पोहोचतच नाहीत. वाटेतला कार्बोनेट ते घेऊन टाकतो. म्हणून तिथे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत नुसता टाकून भागत नाही. त्याचे लोह लगेच हायड्रॉक्साइड होऊन बसते. तो पानांवर फवारतात, किंवा शेणखतात मुरवून देतात. हे कृषी सहायक सांगतात, शेतकरी करतात, आणि त्याच शेतकऱ्याची मुलगी संध्याकाळी घरी बसून ‘फेरिक हायड्रॉक्साइड, तांबूस तपकिरी साका’ असे पाठ करत असते. शेत आणि वही यांची गाठ शाळेने घालून द्यायला नको का?

म्हणून इथल्या शिक्षकांना एक विनंती. दहावी-बारावीच्या सराव परीक्षेत एक प्रश्न घाला. चोपण जमीन सुधारायला कॅल्शियम हवा, म्हणजे तो मातीच्या कणांवरून सोडियमला हटवील. जमिनीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियम, आधीच भरपूर आहे. तरीही बाहेरून जिप्सम का आणावे लागते? आणि काही ठिकाणी जिप्समऐवजी चक्क गंधक का टाकतात, ज्यात कॅल्शियमचा कणही नाही?

मुलांना विचार करू द्या. पहिल्याचे उत्तर आकड्यांत आहे: जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळते, चुनखडी काही मिलिग्रॅम, आणि कार्बोनेटने भरलेल्या त्या मातीत तर त्याहूनही कमी. कॅल्शियम असून पाण्यात नाही. दुसऱ्याचे उत्तर थोडे लांबचे. मातीतले जिवाणू गंधकाचे हळूहळू सल्फ्युरिक आम्ल करतात. त्या आम्लाचे हायड्रोजन आयन चुनखडीतला कार्बोनेट घेतो, अडकलेला कॅल्शियम मोकळा होतो आणि सल्फेटबरोबर जागच्या जागी जिप्सम तयार होते. सुटलेला सोडियम सोडियम सल्फेट होऊन पाण्यात जातो, आणि चर काढलेले असतील तर त्या पाण्याबरोबर शेताबाहेर. चर नसतील तर तो तिथेच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. ज्या मुलाने उत्तरात चरांचाही उल्लेख केला असेल, त्याला एक मार्क जास्त द्या.